घट्ट म्हणजे नक्की किती? गिळायला त्रास असलेल्या बाळाचं फॉर्म्युला दूध

सावकाश (धागाकर्ता)

गिळण्याची तपासणी होते, "दूध जरा घट्ट करून पाजा" असं सांगितलं जातं, आणि घरी आल्यावर खरे प्रश्न सुरू होतात. जरा म्हणजे किती? कशाने घट्ट करायचं? माप पाण्याचं धरायचं की तयार दुधाचं? धागा एवढ्यापुरताच आहे. घट्ट करायचं की नाही, हे इथे ठरणार नाही. ते बाळाला तपासणाऱ्या डॉक्टरांनी आणि गिळण्याच्या थेरपिस्टनी ठरवायचं.

आधी कारण. गिळताना श्वास थांबतो आणि श्वासनलिकेचं तोंड मिटतं. काही बाळांचं हे मिटणं क्षणभर उशिरा होतं आणि पातळ दूध त्याआधीच तिथे पोचलेलं असतं. घट्ट दूध हळू सरकतं, तेवढा क्षण मिळतो. पण फार घट्ट झालं तर ते घशात चिकटून राहतं आणि घोट संपल्यावर, बाळाने श्वास घेतला की, मागाहून आत घसरतं. चुकायला दोन्हीकडे जागा आहे, म्हणून अंदाजाने भागत नाही.

मोजायची पद्धत घरी करण्यासारखी आहे. 'इड्सी' (आयडीडीएसआय) ही आंतरराष्ट्रीय मोजणी पेयांना ० ते ४ असे स्तर देते. त्यासाठी १० मिलीची साधी सिरिंज लागते. तोटी सरळ हवी, पेचाची नको. तोंडाने औषध पाजायची सिरिंजही चालत नाही, तिचं भोक वेगळं असतं. शून्यापासून १० च्या खुणेपर्यंतची लांबी ६१.५ मिमी भरली पाहिजे. ती पट्टीने मोजूनच घ्या, कारण १० मिली लिहिलेल्या सगळ्या सिरिंज सारख्या लांबीच्या नसतात, आणि लांबी बदलली की उत्तर बदलतं.

दट्ट्या काढून टाका. तोटीवर बोट धरून १० मिलीपर्यंत दूध भरा. बोट काढा, १० सेकंद मोजा, पुन्हा बोट लावा. आत किती उरलं ते वाचा:

१ मिलीपेक्षा कमी: स्तर ०, पातळ
१ ते ४ मिली: स्तर १, किंचित घट्ट
४ ते ८ मिली: स्तर २, थोडं घट्ट
८ पेक्षा जास्त, पण थोडं तरी गळलं: स्तर ३
काहीच गळलं नाही: स्तर ४

बाटलीने पिणाऱ्या बाळांना बहुतेक वेळा स्तर १ किंवा २ सांगतात. रिपोर्टवर नुसतं 'घट्ट' लिहिलेलं असेल तर फोन करून आकडा विचारा. 'नेक्टर', 'हनी' हे जुने शब्द अजून वापरात आहेत, पण ते दर ठिकाणी वेगळ्या अर्थाने वापरले जातात.

---

ओलीमाती

फार उपयोगी. दोन शंका.
१. डब्यावर "३० मिली पाण्याला १ सपाट चमचा" असतं. थेरपिस्टच्या कागदावर "६० मिलीला इतकं" लिहिलेलं असतं. हे ६० मिली पाणी की दूध?
२. मोजणी दूध तयार झाल्या झाल्या करायची का?

---

सावकाश

१. कागदावर लिहिलेलं नसेल तर विचारायचंच. ६० मिली पाण्यात २ चमचे पावडर टाकली की तयार दूध साधारण ६६ मिली होतं. म्हणजे दहा टक्क्यांचा फरक, आणि स्तर १-२ च्या सीमेवर असाल तर तो पुरतो. रूढ पद्धत अशी की आधी दूध डब्यावरच्या प्रमाणात पूर्ण बनवायचं आणि मग त्यातून मोजून घेतलेल्या दुधात घट्ट करणारा पदार्थ घालायचा. दाट व्हावं म्हणून दुधाचीच पावडर एक चमचा जास्त टाकायची नाही. त्याने दूध जेमतेम दाट होतं, पण बाळाच्या मूत्रपिंडांवर क्षारांचा बोजा पडतो आणि रक्तातलं सोडियम चढू शकतं.

२. नाही. पाजताना दूध जितकं कोमट असेल तितक्याच तापमानाला मोजा. मिसळल्यावर ५ मिनिटांनी एकदा आणि पाजणं संपायच्या वेळेला, म्हणजे २०-३० मिनिटांनी, पुन्हा एकदा. दोन आकडे वेगवेगळ्या स्तरात पडले तर त्या पदार्थाचा त्या दुधाशी मेळ नाही. फेस असेल तर तो बसू द्या. बुडबुड्यांमुळे दूध आहे त्यापेक्षा घट्ट दिसतं.

---

चमचाभर

बालआहाराच्या बाजूने लिहिते. कशाने घट्ट करायचं हा प्रश्न जरा पसरट आहे, म्हणून एकेक घेते.

तांदळाचं तयार सीरिअल. सर्वांत जुना उपाय. ते आधीच शिजवून वाळवलेलं असल्यामुळे कोमट दुधात फुगतं. घरचं तांदळाचं पीठ, कॉर्नफ्लोर, अरारूट हे कच्चे स्टार्च आहेत. साधारण ६५-७५ अंशांपर्यंत तापल्याशिवाय ते फुगत नाहीत. कोमट दुधात टाकले तर तळाशी बसतात: वरचं दूध पातळच, निप्पल मात्र तुंबलेलं. आणि फुगावेत म्हणून फॉर्म्युला दूध गॅसवर उकळणं योग्य नाही, त्यातली काही जीवनसत्त्वं जातात.

सीरिअलचा दुसरा मुद्दा उष्मांकांचा. एक मोठा चमचा सीरिअल म्हणजे पावणेचार ग्रॅमच्या आसपास, सुमारे १५ उष्मांक. साध्या फॉर्म्युलात ३० मिलीला २० उष्मांक असतात. दर ३० मिलीला एक मोठा चमचा घातला तर ते ३४ च्या घरात जातात. आता हिशेब करा. ५ किलोचं बाळ, किलोमागे १५० मिली, म्हणजे दिवसाला ७५० मिली दूध आणि ५०० उष्मांक. घट्ट केलेल्या दुधातून तेच ५०० उष्मांक ४४० मिलीतच मिळतात. बाळ तेवढ्यावर तृप्त होऊन झोपतं, वजन छान वाढतं, सगळे खूश. पण पाणी तीनशे मिलीने कमी गेलं आणि पिष्टाने भरलेल्या पोटात दुधातली प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, कॅल्शियम कमी गेले. लघवी पिवळी, शी खड्यासारखी, ही त्याची पहिली खूण. दिवसाला निदान सहा लंगोट नीट ओले व्हायला हवेत.

तिसरा मुद्दा आर्सेनिक. भाताचं रोप पाण्यातलं आर्सेनिक इतर धान्यांपेक्षा जास्त ओढतं. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) २०२० मध्ये बाळांच्या तांदूळ-सीरिअलसाठी असेंद्रिय आर्सेनिकची १०० पीपीबी (अब्ज भागांत १०० भाग) ही मर्यादा सांगितली. रोज, प्रत्येक बाटलीत, महिनोन्‌महिने तेच जाणार असेल तर हा विचार करावा लागतो. म्हणून तिकडे आता ओटचं सीरिअल सुचवतात. ते मिक्सरमधून काढून बारीक चाळणीने चाळलं तर निप्पल कमी तुंबतं.

नाचणी सत्त्व. हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच. मोड आणलेल्या धान्यात अमायलेज हे पिष्ट फोडणारं विकर तयार होतं. कुपोषित मुलांची लापशी पातळ पण सकस राहावी म्हणून मोड आलेल्या धान्याचं चिमूटभर पीठ मुद्दाम घालतात, ते याचसाठी. आपल्याला हवंय त्याच्या बरोबर उलट! शिवाय दर घरचं सत्त्व वेगळं, शिजवताना एक घट्टपणा, गार झाल्यावर दुसरा. सहा महिन्यांनंतर खीर म्हणून उत्तम. बाटलीतलं दूध मोजून घट्ट करायला नाही.

---

पाटीपेन्सिल

आणि मध? घट्टही आणि गोडही. 🙂

---

चमचाभर

एक वर्षाच्या आत मध बोटभरसुद्धा नाही, चाटवायलाही नाही. बोटुलिझमचा धोका. स्मायली पाहिली, तरी लिहून ठेवते, कारण धागा वाचून कुणी तरी करेल.

---

खलबत्ता

औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पावडरींबद्दल. यांत मुख्य दोन जाती.

सुधारित मक्याचा स्टार्च: आधीच शिजवून वाळवलेला असल्याने लगेच फुगतो, पण फुगतच राहतो. पाच मिनिटांनी स्तर १ असलेलं दूध अर्ध्या तासाने स्तर २ होऊ शकतं. आणि बाळाच्या लाळेचा अंश बाटलीत उलटा गेला की लाळेतलं अमायलेज ते पातळही करू लागतं. म्हणजे दिशा दोन्हीकडे.

झँथन गम: स्थिर, पारदर्शक, अमायलेजला दाद न देणारा, मोठ्यांसाठी छान. बाळांसाठी नाही. एफडीएने मे २०११ मध्ये सिम्प्लीथिक या झँथनच्या जेलबद्दल ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांसाठी इशारा दिला आणि सप्टेंबर २०१२ मध्ये तो कोणत्याही वयाच्या तान्ह्या बाळांपर्यंत वाढवला. तोवर नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिसच्या (आतड्याचा भाग सुजून मरतो) २२ केसेस नोंदल्या होत्या, त्यांत ७ मृत्यू. बहुतेक बाळं अपुऱ्या दिवसांची होती. जेलमुळेच झालं हे सिद्ध झालेलं नाही, पण इशारा त्यासाठी थांबला नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या 'क्लिअर' जातीच्या पावडरींत बहुधा झँथनच असतो. घटकांच्या यादीत ई ४१५ दिसलं तरी तो झँथनच. घरी आजोबांना पक्षाघातानंतर दिलेला डबा शिल्लक असतो, तोच बाळासाठी काढला जातो. तसं करू नका.

---

रात्रपाळी

@खलबत्ता +१. नवजात विभागाच्या बाजूने एवढंच की अपुऱ्या दिवसांच्या बाळाला, अपेक्षित प्रसूतीची तारीख उलटेपर्यंत तरी, कुठलाही घट्ट करणारा पदार्थ घरच्या घरी सुरू करू नये. पोट फुगून ताठ होणं, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, एकदम मलूल पडणं, यांपैकी काहीही दिसलं तर पुढची बाटली द्यायची नाही आणि थेट हॉस्पिटल गाठायचं.

घट्ट करण्याआधी करून पाहायच्या गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत, त्या लिहिते. पुष्कळदा त्यांवरच काम भागतं.

बाळाला कुशीवर घ्या. कान, खांदा, कंबर एका रेषेत, डोकं थोडं वर. बाटली जवळजवळ आडवी, निप्पल जेमतेम भरेल इतकीच. मागे रेललेल्या बाळाच्या तोंडात बाटली उभी धरली की दूध वजनाने पडतं, बाळाला थांबवता येत नाही. कुशीवर ओठांच्या कोपऱ्यातून सांडतं, ते बरं.

३ ते ५ घोट झाले की बाटलीचं बूड खाली करा, निप्पल तोंडातच राहू दे. श्वास झाला की पुन्हा वर. भुवया उंचावणं, बोटं पसरणं, डोळ्यांत पाणी, नाकपुड्या फुलणं, ओठांभोवती निळसर छटा, पिताना गळ्यात ओला घुरघुर आवाज: बाळ "थांब" म्हणतंय. खोकला आलाच पाहिजे असं नाही. कित्येक बाळांचं दूध खोकल्याविना श्वासनलिकेत जातं आणि पत्ता लागतो तो पुन्हा पुन्हा होणाऱ्या न्यूमोनियाने.

सावकाश दूध येणारं निप्पल हाही घट्ट करण्याआधीचाच उपाय.

---

ओलीमाती

निप्पलवरूनच पुढचं. दूध घट्ट केलं की येतच नाही, बाळ चोखून थकतं. मग सुई तापवून भोक मोठं करतात.

---

सावकाश

धाग्यातली सर्वांत महत्त्वाची चूक हीच. बाळाच्या घशात एका घोटाला किती दूध पडतं ते दोन गोष्टींवर ठरतं, घट्टपणा आणि भोक. दूध दुप्पट घट्ट केलं आणि भोकही मोठं केलं, तर वेग पहिल्यासारखाच. वर स्टार्चचे तोटे फुकट पदरात. शिवाय सुईने पाडलेलं भोक वेडंवाकडं असतं, दर उकळणीनंतर फाटत जातं, आणि सोमवारचं निप्पल शुक्रवारी वेगळंच झालेलं असतं. वाय आकाराच्या छेदाचं निप्पल स्तर १ साठी बहुधा लागतच नाही. बाळाने जोर लावला की त्या छेदातून भसकन दूध येतं.

म्हणून तपासणीला स्वतःची बाटली, स्वतःचं निप्पल, स्वतःचा दुधाचा डबा न्यावा. व्हिडिओ फ्लुरोस्कोपीत (गिळताना घेतलेला क्ष-किरणांचा व्हिडिओ) दूध दिसावं म्हणून त्यात बेरियम मिसळतात, आणि बेरियमने दूध मुळातच थोडं घट्ट होतं. तिथे "स्तर १ ला सुरक्षित" दिसलं तर ते कोणत्या निप्पलने, हे रिपोर्टवर लिहून घ्या.

एक बाटली २० ते ३० मिनिटांत संपावी. त्याहून जास्त लागलं तर पिण्यातच बाळाची शक्ती खर्च होते. मग भोक मोठं करण्याआधी निप्पल तुंबलंय का पाहा: गुठळी, फेस, तळाशी बसलेलं सीरिअल. बाटली दर काही मिनिटांनी गोल फिरवा. जोरात हलवू नका, फेस होतो.

---

शिंपला

बोंडल्याने पाजलं तर निप्पलची भानगडच नको ना?

---

रात्रपाळी

बोंडलं किंवा वाटी-चमचा धडधाकट गिळणाऱ्या बाळाला उत्तम, स्वच्छ करायलाही सोपं. पण ओतणारा हात मोठ्या माणसाचा असतो. घोट कधी घ्यायचा हे बाळाच्या हातात राहत नाही, आणि इथे अडचण नेमकी तीच आहे. टाळूला फट असलेल्या बाळांचा प्रश्न वेगळा. त्यांना ओढच निर्माण करता येत नाही, म्हणून दाबायची बाटली किंवा बोंडलं लागतं, पण ते शिकून घेऊन. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (बाळांच्या समस्यांवर लवकर उपचार करणारं केंद्र, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून) यासाठी विचारावं. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत वाचा-श्रवणाचे तज्ज्ञ आहेत.

---

लांबचा_काका

इंग्लंडमध्ये कॅरोबची पावडर मिळते, इन्स्टंट कॅरोबेल नावाची. अमेरिकेत गेलमिक्स. भारतातले नातेवाईक मागवतात. त्याबद्दल?

---

खलबत्ता

दोन्हींत कॅरोबच्या बियांचा गम (ई ४१०) आहे. अमायलेजचा त्यावर परिणाम नाही, म्हणून काढून ठेवलेल्या आईच्या दुधालाही चालतो. स्टार्च आणि सीरिअल आईच्या दुधात टिकत नाहीत. त्या दुधात स्वतःचं अमायलेज असतं आणि पाजता पाजता सगळं पुन्हा पातळ होतं. बाटली भरताना बरोबर, निम्म्यावर पाणी.

पण कॅरोबलाही अटी आहेत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना नाही. गेलमिक्सच्या लेबलवर ४२ आठवडे आणि ६ पौंड (सुमारे पावणेतीन किलो) ही खालची मर्यादा असते. गेलमिक्सचा गम फुगायला ऊब लागते. गार दुधात टाकून नंतर बाटली गरम केली तर घट्टपणा दर वेळी वेगळा येतो. कोमट दुधात मिसळायचं, लेबलवर सांगितलेली मिनिटं थांबायचं, मगच मोजायचं. काही बाळांना गॅस आणि पातळ शी होते. आणि पार्सल उशिरा आलं म्हणून मधले चार दिवस "तोवर सीरिअल" असा परस्पर बदल नको. पदार्थ बदलला की प्रमाण नव्याने बसवावं लागतं.

आता एक बारीक पण गंभीर गोष्ट. सीरिअल किंवा स्टार्चने बाळाला बद्धकोष्ठ होतं, मग मॅक्रोगॉल म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं सौम्य रेचक लिहून दिलं जातं, आणि ते सोयीसाठी त्याच बाटलीत मिसळलं जातं. मॅक्रोगॉल स्टार्चचा घट्टपणा मोडतं. दूध पुन्हा पातळ, आणि डोळ्यांना पटकन कळतही नाही. इंग्लंडच्या एमएचआरएने (तिथली औषध नियामक संस्था) एप्रिल २०२१ मध्ये याबद्दल सूचना काढली होती. बाळ घट्ट दूध पितं हे औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांना सांगाच.

---

ओलीमाती

उलटी कमी व्हावी म्हणून मिळणारं 'एआर' फॉर्म्युला आयतंच घट्ट असतं ना? मग वरून काही घालायलाच नको.

---

चमचाभर

एआर दोन तऱ्हांचं. तांदळाच्या स्टार्चचं काही एआर बाटलीत जवळजवळ पातळ असतं आणि पोटातल्या आम्लात गेल्यावर घट्ट होतं. उलटी रोखायला ते बरोबर, पण घशातून जाताना ते पातळच, म्हणजे गिळण्याच्या त्रासाला उपयोग नाही. आम्ल कमी करायचं औषध चालू असेल तर पोटातही नीट घट्ट होत नाही. कॅरोबचं एआर बाटलीतच घट्ट होतं. 'इड्सी'चा स्तर १ साधारण अशाच दुधाच्या घट्टपणाचा आहे. तरी सिरिंजने मोजा, डब्यावरच्या शब्दावर जाऊ नका. आणि एआरमध्ये वरून सीरिअल घालायचं नाही.

दुधाचा ब्रँड बदलला तरी सगळं नव्याने. प्रथिनं फोडलेल्या फॉर्म्युलात तेच सीरिअल, तेच ग्रॅम घालूनही घट्टपणा वेगळा येतो. आणि सीरिअल चमच्याने नाही, ग्रॅमवर मोजा. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या. दाबून भरलेला आणि सैल भरलेला चमचा यांत सहज पाव हिश्श्याचा फरक पडतो.

---

शिंपला

रात्रीच्या चार बाटल्या एकदम करून फ्रीजमध्ये ठेवल्या तर?

---

रात्रपाळी

साधं दूध ठेवा, घट्ट केलेलं नाही. पाणी उकळून ७० अंशांच्या खाली जायच्या आत पावडर मिसळायची (उकळल्यावर अर्ध्या तासाहून जास्त थांबायचं नाही), बाटली नळाखाली धरून लगेच गार करायची, फ्रीजमध्ये ५ अंशांखाली, २४ तासांच्या आत वापरायची. दारातल्या कप्प्यात ठेवू नका, तिथलं तापमान सारखं बदलतं. पाजायच्या वेळी कोमट करून मग घट्ट करायचं. घट्ट करून फ्रीजमध्ये ठेवलेलं स्टार्चचं दूध सकाळी खिरीसारखं होतं. मग त्यात "थोडं पाणी" घातलं जातं, आणि तिथून पुढे कशाचंच माप राहत नाही. बाळाने तोंड लावलेली बाटली तासाभरात टाकून द्यायची.

आणखी एक: जुलाब झाले की ओआरएस देतात. ते पाण्यासारखं पातळ असतं. तापाचं सिरप, थेंब, सगळं पातळच. दूध स्तर २ चं आणि ओआरएस चमच्याने तसंच, असं होतं. या पातळ गोष्टी कशा द्यायच्या ते आजारपण यायच्या आधी विचारून, लिहून ठेवा.

---

ओलीमाती

शेवटचं. हे किती दिवस? आणि बंद करताना एकदम?

---

सावकाश

एकदम नाही. बाळ मोठं होतं, मान धरतं, गिळण्याचा ताळमेळ सुधारतो, म्हणून दर काही महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यायचं. थेरपिस्टने हो म्हटल्यावर पदार्थाचं प्रमाण थोडंथोडं उतरवतात. उदाहरणार्थ ६० मिलीला ३ ग्रॅम असेल तर २.७, मग २.४. प्रत्येक पायरीवर आठवडा-दोन आठवडे थांबायचं. निप्पल तेच ठेवायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने बिघडलं ते कळत नाही. सर्दीत, लस घेतलेल्या आठवड्यात, प्रवासात पायरी उतरायची नाही. छातीत घरघर, ताप, पिण्याचा वेळ लांबणं, वजन थांबणं, यांतलं काही दिसलं तर आधीच्या पायरीवर परत जायचं आणि कळवायचं.

वहीत तारीख, दुधाचं नाव, ग्रॅम, सिरिंजचे दोन्ही आकडे, निप्पल, किती मिनिटं लागली आणि ओले लंगोट, एवढे रकाने पुरतात. पुढच्या भेटीला ती वही आणि ६१.५ मिमीवाली सिरिंज दोन्ही न्या. दवाखान्यातल्या सिरिंजने आणि तुमच्या सिरिंजने एकच दूध मोजून आकडा जुळतो का, ते तिथेच पाहून घ्या.